पोस्टर एक, माणसं चार

पत्र

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोचीला तीन दिवसांची परिषद आहे, गुरुवार ते शनिवार. माझं पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा फलक, शुक्रवारी दुपारी आहे. घरात सांगितलं आणि सगळेच निघाले: नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६९, मूळच्या वेंगुर्ल्याच्या, गुडघे दुखतात). नवऱ्याने यादी केली आहे: मुन्नार, अलेप्पीची हाउसबोट, अथिरापल्लीचा धबधबा, फोर्ट कोची. सासूबाईंना कालडीला जायचंय. परिषद कळमश्शेरीला आहे आणि नवऱ्याने होमस्टे बघून ठेवलाय फोर्ट कोचीत. उद्घाटन आणि शेवटचा दिवस बुडवला तर सगळं बसतं, असं त्याचं म्हणणं. ‘सगळेच बुडवतात’ हेही त्याचंच. सासूबाई मात्र परवा म्हणाल्या, ‘नक्की कामाला चाललीयेस की फिरायला?’ तेव्हापासून मलाच कळेनासं झालंय. आणि हो, मुलाला ताम्हिणी घाटात हमखास उलटी होते.
— द्विधा, वारजे

उत्तर

प्रिय द्विधा,

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू, म्हणजे ते डोक्यातून जाईल. शनिवार संध्याकाळपर्यंत कामाला, रविवार सकाळपासून फिरायला. हे वाक्य त्यांना असंच सांगा, आणि यजमानांनाही. तुमचा घोळ होतोय तो दोन्ही एकाच दिवशी करायला निघाल्यामुळे.

मी हा उद्योग करून बसलेली बाई आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी विशाखापट्टणमला एका परिषदेत माझा निबंध होता, दुपारच्या सत्रात सगळ्यात शेवटी. सकाळी अरकूची गाडी पकडायची, बोगदे बघायचे, दुपारी परत, असा माझा हिशेब. परतीचा प्रवास रखडला. तिकडे संयोजकांनी पहिले दोन वक्ते आले नाहीत म्हणून क्रम बदलला आणि माझं नाव वर घेतलं. मी धापा टाकत पोचले तेव्हा सभागृहात सतरंजी गुंडाळणारा माणूस होता. अरकूचं म्हणाल तर तिथे पाऊण तास मिळाला, तोही सगळा घड्याळाकडे बघण्यात गेला.

आता तुमची यादी.

मुन्नार खोडा. कोचीपासून ते साधारण १३० किलोमीटर आहे. पुणेकराला वाटतं, महाबळेश्वरइतकंच तर आहे. पण नेरियामंगलम सोडलं की वळणं सुरू होतात आणि एका बाजूला चार-पाच तास सहज जातात. ताम्हिणीत उलटी करणाऱ्या पोराला घेऊन हा रस्ता एका दिवसात जाऊन-येऊन करणं म्हणजे त्याचाही छळ आणि गाडीच्या सीटचाही. शिवाय तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या. तुमच्यासाठी मुन्नारची खरी तारीख वेगळीच आहे. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मागचा मोठा बहर २०१८चा, म्हणजे पुढचा २०३०चा. आपल्या कारवीचीच ती बहीण, हे मी तुम्हाला काय सांगायचं! तेव्हा २०३०च्या पावसाळ्याच्या शेवटी मुन्नारला चार दिवस राहायला जा. मुलगाही तोपर्यंत उलटीचं वय ओलांडेल.

अथिरापल्लीही या खेपेला नको. जवळजवळ ७० किलोमीटर जायचं, धबधब्याच्या पायथ्याशी उतरायचं आणि तेवढंच चढून यायचं. सासूबाई वर बाकावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळणार. असली सहल मला पटत नाही.

राहायच्या जागेबद्दल मात्र यजमानांशी जरा भांडाच. नकाशावर सगळंच ‘कोची’ दिसतं, पण गाव तुकड्यातुकड्यांत आहे आणि मधे पाणी. मुख्य भूमीवर एर्नाकुलम: स्टेशनं, बाजार, कचेऱ्या. पश्चिमेला समुद्राच्या तोंडाशी फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी. दोन्हींच्या मधे विलिंग्डन बेट, बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाच्या भरावाने वाढवलेलं. कळमश्शेरी या सगळ्याच्या ईशान्येला, विमानतळाच्या वाटेवर. फोर्ट कोचीत राहून रोज कळमश्शेरी गाठायचं म्हणजे खडकवासल्याला राहून सकाळी नऊला वाघोलीत हजर व्हायचं. समुद्र खिडकीतून दिसेल, पण रात्री अंधारात.

त्यापेक्षा एर्नाकुलममध्ये एम. जी. रोडच्या आसपास, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या. कोचीची मेट्रो २०१७ पासून चालू आहे आणि ती कळमश्शेरीवरूनच आलुवाला जाते. तुम्ही सकाळी मेट्रोने उत्तरेला, बाकीचे तिघं त्याच मेट्रोने किंवा बोटीने उलट दिशेला. संध्याकाळी सगळे एकाच जागी. फोर्ट कोचीच्या होमस्टेचा फारच जीव लागला असेल तर शनिवारच्या रात्रीपासून तिथे हलवा मुक्काम. तेव्हा तो खरंच कामाचा आहे, कारण रविवारी तुम्हाला तिथेच फिरायचंय.

उद्घाटन आणि शेवटचा दिवस. उद्घाटनाला अर्धा तास उशिरा पोचलात तर जगबुडी होणार नाही. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, रोपटं, पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांनी स्वतः करून दिलेला स्वतःचा परिचय, हे सगळं तुम्ही आपल्या महाविद्यालयात पुष्कळ पाहिलंय. पण बीजभाषण चुकवू नका. शनिवार तर अजिबात बुडवू नका. पोस्टरसमोर शुक्रवारी माणसं दोन मिनिटं थांबतात, मान डोलावतात आणि जातात. ज्याला खरंच काही विचारायचं असतं तो दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत गाठतो: ‘काल तुमचं ते खारफुटीचं पाहिलं…’ किंवा जे काय तुमचं असेल ते. पुढची कामं त्या रांगेत ठरतात. प्रमाणपत्रही बहुतेक ठिकाणी समारोपानंतरच हातात देतात, आणि तुमच्या प्राचार्यांना ते लागणार आहे.

ते तीन दिवस घरच्यांचे प्रभारी यजमान. ‘आम्ही तुझ्या सोयीने फिरू’ असं ते म्हणतील. ऐकू नका. तुम्ही फोनवरून ‘जेवलात का, आईंनी गोळी घेतली का’ करत बसलात तर तुम्ही परिषदेत नाही आणि सहलीतही नाही. गुरुवारी त्यांनी पाण्यावर फिरावं. कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे, विजेवर चालणाऱ्या बोटी, कोचीच्याच गोदीत बांधलेल्या. आत एसी, चढायला सपाट तराफा, बोट धक्क्याला लागली की दोन्हींची पातळी जवळजवळ सारखी. सासूबाईंच्या गुडघ्यांना याहून चांगलं वाहन त्या गावात नाही. हायकोर्टाच्या धक्क्यावरून व्हायपीनला जायचं आणि परत यायचं, एवढंसुद्धा मुलाला पुरतं. शुक्रवारी त्रिपुणितुराचा हिल पॅलेस, कोचीच्या राजघराण्याचा जुना वाडा, आता संग्रहालय. मेट्रो त्रिपुणितुरापर्यंत जाते. हा वाडा सोमवारी बंद असतो, म्हणून शुक्रवारीच उरकायचा. शनिवारी विश्रांती. खरंच विश्रांती, हॉटेलात झोपा काढल्या तरी चालेल.

शुक्रवारी संध्याकाळी पोस्टर संपलं की तुम्ही सुटलात. त्या एका संध्याकाळी मी तुम्हाला सवलत देते: कथकली बघा. फोर्ट कोचीत पर्यटकांसाठी तास-दीड तासाचे प्रयोग रोज होतात. पण तिकीट काढलंत तर प्रयोगाच्या तासभर आधी जा, कारण खरी मजा रंगभूषेत आहे. नट जमिनीवर पाठ टेकून झोपलेला असतो आणि दुसरा माणूस त्याच्या जबड्याच्या कडेने तांदळाच्या पिठाचा लेप लावून पांढरी कड चढवत असतो. पिवळा रंग हरताळ नावाच्या दगडाचा. आणि शेवटी डोळे. ‘चुंडा’ नावाच्या, आपल्या वांग्याच्याच कुळातल्या झाडाच्या फुलातला बारीकसा भाग तळहातावर चोळतात आणि पापणीखाली ठेवतात. थोड्या वेळात डोळ्यांचं पांढरं लाल होतं. तुम्ही पुढच्या वर्षी सोलानेसी, म्हणजे हेच वांग्याचं कुळ, शिकवताना हे सांगितलंत तर मागच्या बाकावरची मुलंही वर बघतील.

आता रविवार, आणि इथे वाराची भानगड नीट लक्षात घ्या. यजमानांच्या बेतात शनिवारी दुपारी मट्टनचेरी असणार, कारण शनिवार मोकळा करायचा त्यांचा विचार होता. मट्टनचेरीचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं, शब्बाथ असतो, त्यांचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी दुपारनंतरही बंद. शेजारचा राजवाडा, ज्याला डच पॅलेस म्हणतात, तो शुक्रवारी बंद. म्हणजे परिषद बुडवून गेला असतात तर नेमकं कुलूप बघून आला असतात. रविवारी दोन्ही उघडी असतात. फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून ते दुपारी ठेवा.

डच पॅलेस खरं तर पोर्तुगीजांनी बांधला, १५५५च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी पुढे दुरुस्ती केली आणि नाव त्यांचं लागलं. (वाडा एकाचा आणि पाटी दुसऱ्याची, पेठेतल्या माणसाला यात नवल नाही.) आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, गर्द तांबडी-हिरवी, भिंतभर दाटीवाटीने. सिनेगॉग १५६८चं. पायांखाली चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, एकीसारखी दुसरी नाही. मुलाला दोन सारख्या शोधायला सांगा, तेवढा वेळ तुम्हाला शांतता. पुण्याच्या कॅम्पातलं आपलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, बाहेरून पाहून पुढे गेलेल्या पुणेकरांनी निदान तिथे तरी आत जावं. खांदे-गुडघे झाकणारे कपडे लागतात, चपला बाहेर.

पण तुमच्यासाठी मट्टनचेरीत याहून मोठं काही आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठेच नाही याचं मला आश्चर्य वाटलं. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा धागा. नाव तुम्ही वर्गात घेतही असाल. कोचीच्या डच सत्तेचा प्रमुख हेंड्रिक व्हान रेडे याने १६७०च्या दशकात मलबारच्या वनस्पतींची माहिती आणि चित्रं जमवली, आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड लॅटिनमध्ये छापले गेले. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने पुढे त्यांचा आधार घेतला. सव्वातीनशे वर्षं ते बहुतांशी लॅटिनमध्येच पडून होते. ते इंग्रजीत आणण्यासाठी के. एस. मणिलाल या प्राध्यापकांनी आयुष्य घातलं.

झाडांची माहिती सांगणारे कोण? एक इट्टी अच्युतन, चेरतळाजवळचा वैद्य. आणि तीन कोकणी ब्राह्मण: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलंय. भाषा कोकणी, लिपी नागरी, साल १६७५. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पुढचंच वर्ष. झाडांच्या चित्रांच्या कोपऱ्यातही नाव रोमन, मल्याळी आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीत कोरलेलं आहे. खंडांची पानं आता घरबसल्या संगणकावर बघायला मिळतात. त्या प्रमाणपत्राचं एक पान छापून बरोबर न्या आणि सासूबाईंना वाचायला द्या. वेंगुर्ल्याच्या बाईला ती कोकणी अडखळत का होईना, लागेल असा माझा अंदाज आहे.

गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे निघालेली कोकणी माणसं कोचीला येऊन राहिली, त्यांची वस्ती आजही मट्टनचेरीत आहे. तिथल्याच चेरळाई भागात त्यांचं तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ आहे, वेंकटेश्वराचं. केरळातली देवळं दुपारी बंद असतात, तेव्हा सकाळी लवकर जा, सिनेगॉगच्याही आधी. तिथे सासूबाईंना पुढे करा आणि तुम्ही मागे राहा. दुभाष्याची गरज पडणार नाही. उलट त्या बोलत बसल्या तर पुढचा बेत तासभर सरकेल, तेवढी जागा ठेवा.

त्याच भागात गुजराती वस्तीही आहे, तेव्हा शाकाहारी जेवणाची चिंता नको. एरवी केरळी खानावळीत ‘मील्स’, म्हणजे तिथली थाळी, मागा. भात लालसर, टपोरा, आपल्या इंद्रायणीची सवय असलेल्याला पहिला घास लाकडी वाटतो, तिसरा आवडायला लागतो. पेल्यात गुलाबी गरम पाणी आलं तर परत पाठवू नका. ते पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पिण्याचंच पाणी आहे.

दुपारी चर्च. वास्को द गामाला १५२४ साली इथे पुरलं होतं, पुढे १५३९मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. आता दगड तेवढा आहे. ऊन उतरलं की चिनी जाळी. कोकणात विहिरीवर पाणी काढायची लाट असते ना, तेच तत्त्व. एका टोकाला खोलीएवढं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले धोंडे, आणि चार-सहा माणसं ओढणारी. ते मुलालाही दोर ओढायला बोलावतील. पैसे मागतील, आधी ठरवून घ्या. तिथला किनारा पोहण्याजोगा नाही, पाय भिजवण्याच्या आधी कचरा बघून घ्या.

सोमवारी अलप्पुळा, म्हणजे यजमानांची अलेप्पी. एर्नाकुलमहून रेल्वेने साधारण तासाभरात. रात्रीची हाउसबोट घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी बाराच्या सुमारास चढवतात, संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधून टाकतात, कारण रात्री पाण्यात कोळ्यांची जाळी असतात. सकाळी नऊला उतरा. म्हणजे मोठं भाडं देऊन रात्र काठावर, डासांच्या सोबतीने. त्यापेक्षा राज्याच्या जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट घ्या. अलप्पुळा ते कोट्टयम, अडीच-तीन तास, भाडं पुण्यातल्या आपल्या पीएमटी बसची आठवण करून देणारं. शाळेतून घरी निघालेली पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, एका घराच्या पायरीवरून थेट बोटीत. आणि दोन्ही बाजूंना कुट्टनाड: बांधाच्या आतली भातशेती समुद्रपातळीच्या खाली, बोटीतली माणसं शेतापेक्षा उंच. तुम्हाला त्या बांधांवर उतरून झाडं बघावीशी वाटतील, तर आधीच एखादी छोटी शिकारा ठरवा. कोट्टयमहून एर्नाकुलमला परतायला रेल्वे आहे. फक्त आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून बोटीची वेळ विचारा आणि ती पूर्ण मार्गाने कोट्टयमपर्यंत जाते ना, तेही विचारा.

मंगळवारी परत. आणि कालडी याच दिवशी, कारण शंकराचार्यांचं हे जन्मगाव विमानतळापासून जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर आहे. एर्नाकुलमहून मुद्दाम जाऊन परत यायचं नाही. सकाळी टॅक्सीत बॅगा टाका, कालडीला पेरियारच्या घाटावर सासूबाईंना हवं तेवढं बसू द्या, आणि तिथूनच नेडुंबसेरीला, विमानतळावर. विमान दुपारनंतरचं बघा.

विमानच घ्या, पुण्याहून कोचीला थेट जातं. कोकण रेल्वेने जायचा मोह मलाही होतो, पण एक दिवसाहून जास्त प्रवास, पुण्याहून गाड्या आठवड्यातून मोजक्या, आणि उशीर झाला तर तुमच्या पोस्टरचं काय? परतीला रेल्वे हवीच असेल तर आता आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, तेवढं लक्षात ठेवा.

एक रुक्ष गोष्ट राहिली. ओडी, म्हणजे ‘ऑन ड्यूटी’ रजा, परिषदेच्या दिवसांची आणि प्रवासाची मिळेल. सोमवार-मंगळवारची सीएल, म्हणजे किरकोळ रजा, आत्ताच टाका, आल्यावर नको. परतीचं तिकीट परिषदेनंतर तीन दिवसांनी आहे हे अर्जातच लिहा आणि अकाउंट्सकडून लेखी होकार घ्या. मी हे तोंडी विचारून गेले होते. ज्यांनी ‘चालेल की मॅडम’ म्हटलं ते मी परत येईपर्यंत बदलून गेले होते आणि नव्या माणसाने परतीचं भाडं नामंजूर केलं. घरच्यांची तिकिटं वेगळ्या पीएनआरवर काढा, म्हणजे तुमच्या बिलात सासूबाईंचं नाव येणार नाही.

पोस्टर कागदावर नको, कापडावर छापून घ्या. घडी करून साडीसारखं बॅगेत बसतं, वर इस्त्री फिरवता येते. कागदाची ती लांब नळी तुम्ही एका हातात धरणार, दुसऱ्या हातात मुलगा, आणि लोहगावला विमानतळावर सुरक्षा तपासणीत ती कोण सांभाळणार यावरून यजमानांशी पहिलं भांडण. मसाल्यांची खरेदीही शेवटी याच बॅगेत जायची आहे. मट्टनचेरीत मिरी आणि जायपत्री घ्या, वास घेऊन, सुटी. केशर विकायला आले तर हसून पुढे जा.